रस्ता सुधारला, गाड्यांचं बिंग फुटलं

नांदेड-लातूर रस्ता चौपदरी झाला आणि दुचाकीवाल्यांची मोठी पंचाईत झाली. जुना रस्ता होता तोवर आमची गाडी कधी डुलायची नाही, रस्ताच डुलायचा. हँडल थरथरलं की खड्डा, मागचं चाक लचकलं की साईडपट्टी, बूड दुखलं की सरकार. सोनखेडला शिव्यांचा श्रीगणेशा केला की लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टामोड करत त्या लातूरच्या वेशीपर्यंत पुरायच्या. खाली काळी माती. पावसात फुगणार, उन्हात भेगाळणार आणि वरच्या डांबराला दर हंगामात नवी घडी पाडणार. त्यात बेअरिंग खडखडलं काय आणि बरगड्या खडखडल्या काय, आवाज एकच.

आता काटा साठवर गेला तरी पोटातलं पाणी हलत नाही. आणि नेमक्या अशा वेळी हँडल ‘नाही, नाही’ म्हणत मान हलवू लागलं, तर बोट दाखवायला कोणी उरत नाही. एमएच २६ असो की एमएच २४, कितीतरी इभ्रतदार गाड्यांचं बिंग या रस्त्यानं भर दुपारी फोडलं.

तरी गाडीचा मालक सहजासहजी कबूल होत नाही. आधी तो वाऱ्यावर ढकलतो. चैत्र असो की पौष, माळाकोळीच्या माळावर ‘आज वारा लई हाय’ हे वाक्य बारमाही चालतं. मग पेट्रोल पंपावर थांबून हवा बघतो. हवा बरोबर निघाली की त्याचा चेहरा पडतो, कारण हवा फुकट होती. यापुढचं प्रत्येक निदान पैशाचं आहे. शेवटी तो घरी येतो आणि बायकोला विचारतो, ‘‘तुझ्या भावानं परवा गाडी नेली होती, तवा कुठं आदळली का?’’ मेहुणा हा मराठवाड्यातल्या मोटारसायकलीचा सर्वांत जुना आजार आहे. त्याच्यावर अजून औषध निघालेलं नाही.

खरी तपासणी सुरू होते ती चहाच्या टपरीवर. गाडी मेन स्टँडवर चढवून तुम्ही नुसते पुढच्या चाकापुढं उकिडवे बसा. पाच मिनिटांत समिती जमते.

‘‘काय झालं?’’

‘‘हँडल मारूलालंय.’’

‘‘कधीपास्नं?’’

‘‘रोड झाल्यापास्नं.’’

‘‘मग शॉकप गेलाय.’’

‘‘शॉकप नाही ओ, चेसी वाकडी हाय. माझ्या साडूच्या गाडीचं सेम असंच होतं.’’

‘‘मग काय केलं साडूनं?’’

‘‘मला इकली.’’

यानंतर काही वेळ साडू या विषयावर चर्चा होते. मग एक जण टायर बदला म्हणतो, दुसरा कंपनी बदला म्हणतो. तिसरा खाली वाकून बघतो आणि हँडलला बांधलेलं लिंबू सुकलंय, हे मोठ्या गांभीर्यानं निदर्शनास आणून देतो. ज्याला पूर्वी जो आजार झाला तोच तो दुसऱ्याच्या गाडीला लावतो. या साऱ्या सल्लामसलतीत चहा दोनदा होतो आणि चाकाला मात्र बहुधा एकाचाही हात लागलेला नसतो.

दोन्ही शहरांच्या तऱ्हा वेगळ्या आहेत, हेही सांगायला पाहिजे. लातूर पडलं शिकवण्यांचं गाव. तिथं गाडी डुलली तरी प्रश्नाला चार पर्याय तयार असतात: अ) बेअरिंग, ब) कोनसेट, क) रिमचा आऊट, ड) वरीलपैकी सर्व. लातूरकर बहुधा ‘ड’ला टिक करतो आणि सगळंच बदलून येतो, मग नेमकं काय बिघडलं होतं हे त्याला जन्मात कळत नाही, पण मार्क पूर्ण पडतात. शिवाय लातुरात गाडी डुलते हे उशिरा लक्षात येतं, त्याला भूगोलही कारणीभूत आहे. १९१७ साली वसलेल्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथं सरळ जाणारा माणूसच नसतो. सगळे कलून, वळून, एकमेकांना चुकवून चाललेले. चाक सरळ आहे का, हा प्रश्न गोलाईत अप्रस्तुत ठरतो. नांदेडकर त्यामानानं श्रद्धाळू. हँडल मारतंय तर मारू दे, सोडेल आपोआप, असं म्हणून तो देगलूर नाक्यापासून तरोडा नाक्यापर्यंत हँडल आवळून धरतो आणि उतरल्यावर मनगटाला बाम लावतो.

मला नवल वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, बैल, उंट यांचा केवढा बाजार! तिथं आमचा माणूस घोडं घ्यायला गेला की बघा. तोंड उघडून दात मोजणार, खूर उचलणार, चारी पायांच्या सांध्यांवरून हात फिरवणार. मग चालवून, पळवून, कुठं आखडतो का ते बघणार. विकणाऱ्यानं खंडोबाची शपथ घेतली तरी खूर उचलल्याशिवाय पैशाला हात घालणार नाही. हाच माणूस जुनी मोटारसायकल घेताना काय बघतो? सीटचं कव्हर. आणि विचारतो काय? ‘‘कोण वापरली?’’ ‘‘गुरुजीची गाडी हाय,’’ असं उत्तर आलं की व्यवहार पक्का. मराठवाड्यात सेकंडहँड बाजारातली झाडून सगळी वाहनं गुरुजींनी वापरलेली असतात. त्यांनी ती कधी चाळीसच्या वर नेलेली नसतात आणि पावसात तर बाहेरच काढलेली नसतात. गाडीला पाय नसतात हे खरं, पण सांधे असतात. त्यांच्यावरून हात फिरवायला अजिबात पैसे पडत नाहीत.

हात कसा फिरवायचा ते उस्तादांकडं बघावं. आमच्याकडं जुन्या मिस्तरीला उस्ताद म्हणतात. निजामाचं राज्य गेलं, ही पदवी राहिली. नांदेडचे असे एक उस्ताद आहेत. त्यांच्या दुकानात हायड्रॉलिक लिफ्ट नाही, संगणक नाही. एक बाज आहे, एक डबडं आहे ग्रीसचं, आणि एक खडूचा तुकडा. तुम्ही समितीचा अहवाल सांगायला लागलात की ते हात वर करतात. ‘‘तुम नक्को बोलो. गाडी बोलरी ना.’’

गाडी मेन स्टँडवर चढते. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा सरकतो आणि पुढचं चाक अधांतरी होतं. उस्ताद पहिल्यांदा चाकाला हात लावतच नाहीत. हँडल दोन बोटांनी धरून सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवतात. मधोमध आल्यावर ते किंचित अडकलं, घर सापडल्यासारखं ‘टक्’ करून बसलं, तर कोनसेट गेला. हँडलच्या दांड्याखाली वर-खाली गोळ्यांच्या दोन वाट्या असतात. वर्षानुवर्षं गाडी सरळच जाते, त्यामुळं गोळ्या एकाच जागी आपटून वाट्यांत खड्डे पाडतात. मग हँडलला सरळ राहायची इतकी सवय लागते की ते वळायला नको म्हणतं आणि वळलं की सरळ व्हायला नको म्हणतं. त्यानंतर उस्ताद खाली बसून फोर्कचे दोन्ही पाय धरतात, पुढं-मागं ओढतात. वरच्या बाजूला खट् वाजलं तर कोनसेट ढिला. चाळीस-पन्नासच्या वेगात ॲक्सिलेटर सोडला की हँडल थरथरतं, त्यामागं पुष्कळदा हीच ढिलाई किंवा वेडंवाकडं झिजलेलं पुढचं टायर असतं.

यानंतर चाक. एक हात फोर्कच्या पायावर, दुसरा टायरवर. दोन्ही हात एकाच टायरवर ठेवून हलवलं की सगळंच हलतं आणि काय हललं ते कळत नाही. समितीतल्या ज्या एखाद्या धाडसी सभासदानं चाकाला हात लावलेला असतो, तो इथंच फसतो. उस्ताद फोर्क घट्ट धरतात आणि टायर आडवं ढकलतात, ओढतात. चांगल्या चाकात काही म्हणता काही होत नाही. झिजलेल्या बेअरिंगच्या चाकात टक्-टक् होतं, आणि ते कानापेक्षा तळहाताला आधी लागतं. मग ते माझा हात धरून फोर्कवर ठेवतात आणि दुसऱ्या हातानं चाक जोरात फिरवून सोडतात. बेअरिंग खराब असेल तर फोर्कमधून बारीक खरखर हातात चढते, चालू पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावल्यावर चढते तशी. ड्रमला लायनर घासल्याचा ‘सूं सूं’ आवाज निराळा. त्यानं घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते खरखरीला.

खडूचं काम यानंतर. तो फोर्कला टेकवून, हात स्थिर धरून, फिरत्या रिमच्या जवळ न्यायचा. रिम गोल असेल तर खडूची रेघ सगळीकडं सारखी उठते. आऊट असेल तर जिथं रिम बाहेर आली तेवढ्याच भागावर पांढरं उमटतं. स्पोकचं चाक असलं तर पान्यानं एकेक स्पोक वाजवतात. ताणलेला टणकन बोलतो, ढिला भद्द वाजतो, आणि ढिले नेमके खडूच्या खुणेपाशीच सापडतात. आऊट काढणं ही बसून करायची कला आहे. हा स्पोक अर्धा फेरा आवळ, समोरचा पाव फेरा सोड, परत फिरव, परत खडू. त्या वेळी उस्तादांशी बोललेलं त्यांना चालत नाही. मॅग व्हीलवाल्यांना ही करमणूक नाही. खड्ड्यात रिम दबली की खिशातच आऊट येतो.

मागच्या चाकाचं तंत्र याच धर्तीचं, पण तिथं आणखी एक आरोपी असतो. मागचं चाक ज्या चिमट्यात बसतं तो चिमटा चेसीला बुशांवर टांगलेला असतो. चिमट्याचं टोक धरून टायर हलवा. चाकच हललं आणि चिमटा गप्प राहिला तर बेअरिंग दोषी. चाक आणि चिमटा दोघं मिळून हलले तर बुश. सत्तरच्या पुढं अख्खी गाडी पाळण्यागत झोके घेते तेव्हा संशय या मागच्या बाजूवर घ्यावा. आणि चेन ताणताना दोन्हीकडच्या खुणा सारख्या आल्या का, हेही बघावं. एक खूण इकडं, एक तिकडं असेल तर मागचं चाक तुम्हाला अहमदपूरला न्यायला निघालेलं असतं आणि पुढचं उदगीरला.

आता प्रत्यक्ष बेअरिंगविषयी थोडं. १७९४ साली वेल्समधल्या फिलिप वॉन नावाच्या माणसानं गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्या वेळी आमच्या बैलगाड्या वंगणावर चालत होत्या आणि पुढंही दीडशे-पावणेदोनशे वर्षं तशाच चालल्या. वंगणाचं एक बरं असतं. ते संपलं की चाक गावभर बोंबलतं. बेअरिंग मात्र मुकाट्यानं झिजतं. त्याच्या कडेवर आकडा कोरलेला असतो, समजा ६३०१. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचं माप सांगतात. ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. आणि ०४ पासून पुढं सरळ पाचानं गुणायचं. पहिले चार पाठ करायचे आणि बाकीच्यांना सूत्र लावायचं. लातूरच्या एखाद्या क्लासनं यावर अजून नोट्स कशा काढल्या नाहीत, याचं आश्चर्य वाटतं.

हबमधून निघालेलं जुनं बेअरिंग उस्ताद तुमच्या हातावर ठेवतात. आतली कडी बोटानं फिरवायची. चांगली असेल तर लोण्यासारखी फिरते, गेलेली असेल तर वाळू चावल्यासारखी अडकते. माझ्या हातावर ठेवलेल्या बेअरिंगमधून तांबूस पाणी गळलं. ग्रीस औषधालाही नव्हतं. उस्तादांनी विचारलं, ‘‘वॉशिंगवाले के पास कित्ते बार जाते?’’ मी अभिमानानं म्हणालो, ‘‘दर रविवारी.’’ ते हसले नाहीत. त्यांनी फक्त ते पाणी फरशीवर झटकलं.

वॉशिंग सेंटरचा पोरगा चिखलावर जो फवारा मारतो तोच हौसेनं हबच्या तोंडावरही मारतो. सिलाच्या कडेतून पाणी आत जातं, ग्रीस धुऊन काढतं, आणि आतल्या पोलादी गोळ्या गंजायला मोकळ्या होतात. गाडी बाहेरून नवरदेव, आतून तांबूस पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली. माणसं घागरी घेऊन रांगेत उभी होती, तिथं मोटारसायकल धुवायचा विषयच नव्हता. त्या दुष्काळाचा कोणी एक लाभार्थी शोधायचाच झाला, तर पुढच्या चाकाची बेअरिंगं सापडतील.

बेअरिंग बसवण्यातही विद्या आहे, आणि घोटाळेही इथंच होतात. नवं बेअरिंग ठोकायचं ते बाहेरच्या कडीवर. आतल्या कडीवर हातोडा पडला की मार गोळ्यांमधून जातो, वाटेत खाचा पडतात, आणि नवं बेअरिंग दुकानातच म्हातारं होतं. शहाणा मिस्तरी जुनं बेअरिंग नव्यावर ठेवून त्यावर ठोके मारतो. दुसरं, दोन बेअरिंगच्या मधे हबमध्ये एक नळी असते. दिसायला अगदी फालतू. काढून फेकली तरी चाक बसतं, फिरतं, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. पण तिच्याविना एक्सलचा नट आवळला की सगळा दाब बेअरिंगच्या आतल्या कड्यांवर आडवा बसतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा टक्-टक्. दुकान बंद करायच्या घाईत ही नळी बाजेखाली राहिली की तिला परत कोणी विचारत नाही. उस्तादांच्या डबड्यात अशा अनाथ नळ्या आहेत. दुसऱ्या दुकानांतून दुरुस्त होऊन आलेल्या गाड्यांना त्यांतलीच मापाची एखादी मिळते.

बाद झालेली बेअरिंगं कुठं जातात म्हणाल तर पोरांकडं. फळीला तीन बेअरिंगं ठोकली की गाडा तयार. गल्लीच्या उतारावर तो इतका खणखणत जातो की दुपारी झोपलेली माणसं उठून बसतात. गाडीत जे बेअरिंग महिनाभर टिकणार नाही असं उस्तादांनी ठरवलं, ते त्या गाड्यात पोरांच्या दोन पिढ्या काढतं. याचा अर्थ ते गाडीतही चाललं असतं असा माझ्या शेजाऱ्यांनी काढला. ते सध्या बसनं फिरतात.

राहिला भार. आमची मोटारसायकल दोन माणसांसाठी केलेली आहे, हे कंपनी सोडून कोणी मानत नाही. नवरा, बायको, मधे एक लेकरू, टाकीवर एक, आणि मागच्या कॅरिअरला सोयाबीनचं कट्टं. दूधवाल्याच्या तर दोन्ही अंगांना कॅन. सगळं ओझं मागच्या एक्सलच्याही मागं गेलं की पुढचं चाक हलकं होतं, जमिनीला जेमतेम टेकतं, आणि चांगलं बेअरिंग असूनही हँडल हलायला लागतं. अशा गाडीची तपासणी करायची झाली तर आधी कट्टं उतरवावं, मग मेहुण्याला.

चालत्या गाडीचं हँडल मारायला लागलं तर पुढचा ब्रेक दाबू नका, आणि जीव खाऊन हँडल आवळूही नका; त्यानं थरथर वाढते. ॲक्सिलेटर हळूहळू सोडा, अंग किंचित पुढं घ्या, वेग उतरू द्या आणि कडेला थांबा. नंतर गाडी मेन स्टँडवर घ्या, एका हातानं फोर्क धरा, दुसऱ्यानं टायर हलवा. हे सगळं दोन मिनिटांत होतं, चहा यायच्या आत. टक्-टक् लागलं तर हबमधली दोन्ही बेअरिंगं एकदम बदला. ती शे-दोनशे रुपयांची असतात. त्यात एकाचे पैसे वाचवू नका, कारण जुनं नव्याला सोबत घेऊन जातं. आणि चाक परत बसेपर्यंत दुकानातून हलू नका. मधली नळी आत गेली का, ते आपल्या डोळ्यांनी बघा.